हाय प्रेशर सोडियम

माझ्या घरमालकांच्या घरात संध्याकाळ होत नसे. बाहेर दिवस मावळायचा, गल्लीतल्या आया पोरांना हाका मारून घरात घ्यायच्या, समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा थांबायचा, आणि त्यांच्या मधल्या खोलीत मात्र भर दुपार चालू असायची. तीही वैशाखातली, पिवळीजर्द. त्या खोलीला खिडकी नव्हती. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी भिंतीला भिंत लावून घरं उठवली होती, त्यामुळे उन्हाला आत यायला वाटच उरली नव्हती. म्हणून काकांनी तिथे सोडियमचा दिवा टांगला होता. पूर्वी रस्त्यावरच्या खांबांवर असायचा ना, तोच.

गल्ली त्यांना सोडियमकाका म्हणायची. त्यांना ते खटकायचं, पण भलत्याच कारणासाठी. “नुसतं सोडियम काहून म्हंता?” ते विचारायचे. “पुरं नाव घ्या. हाय प्रेशर सोडियम. लो प्रेशरवालं येगळं असते.”

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका जिनिंगच्या ऑफिसात मी हिशेबाला लागले होते आणि यवतमाळात खोली शोधत फिरत होते. काकांच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“कुठून?”

“पुसद.”

“कुठपर्यंत?”

मला वाटलं, नोकरी कुठे ते विचारतायत. “लोहारा,” मी म्हणाले.

“तसं नाई, ताई. अठी राहाचं कुठपर्यंत? दोनचार महिने का साल-दोन साल?”

काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते, हे मला मागाहून कळलं. निवृत्त झाले ते कागदोपत्री. घर ते गाडीसारखंच चालवत. दारात कोणी घुटमळलं की ‘पुढे सरका, पुढे जागा हाय’ म्हणत. पाहुणा उठला की ‘आपलं सामान पाहून घ्या’ म्हणत. एकदा त्यांच्याकडे जेवताना मी अर्धीच भाकर मागितली, तर म्हणाले, “अर्धं तिकीट फक्त लेकरांले,” आणि अख्खी वाढली. मी जात्याच जरा तिरसट. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर ताट सरकवून उठले असते. काकांपुढे मुकाट्याने खाल्ली.

काकूंना ते कंट्रोलर म्हणत. स्टँडवर गाडी केव्हा सुटायची ते कंट्रोलर ठरवतो, कंडक्टरच्या हातात काही नसतं, असा त्याचा खुलासा.

काकूंना लकवा झाला होता. उजवी बाजू गेलेली, आणि बोलणं इतकं सावकाश, की एका शब्दानंतर दुसऱ्याची वाट पाहावी लागे. त्यांची खाट पुढच्या आणि मधल्या खोलीच्या मध्ये होती. पडल्यापडल्या एकीकडे रस्त्याचं दार दिसे आणि दुसरीकडे, दार नसलेल्या चौकटीतून, मधली खोली. उशाशी एक दोरी लोंबत असे. छताखालून ती थेट स्वयंपाकघरात गेलेली, आणि तिच्या टोकाला जुन्या एसटीतली घंटी. काकूंनी डाव्या हाताने दोरी एकदा ओढली, तर गाडी थांबवा. काका हातातलं टाकून धावत. दोनदा ओढली, तर चला, सगळं ठीक आहे. पोळ्या लाटतालाटता काका मधूनच ओरडायचे, “कंट्रोलर, सोडू काय गाडी?” आणि त्यांच्या डोक्यावर वाजायचं, टिंग टिंग. मग पुढची पोळी.

सुरुवातीला मला हे पोरकट वाटलं. एवढ्याशा घरात हाक मारली तरी ऐकू येते, दोऱ्या कशाला बांधायच्या? पण काकूंना हाक मारायला फार कष्ट पडत आणि घंटी वाजवायला मुळीच पडत नसत. घंटी वाजवताना त्यांच्या चेहऱ्यावर चक्क रुबाब येई.

मी भाड्याने घेतलेली खोली अंगणात बांधलेली होती. राहायला गेल्यावर काही दिवसांनी काकूंनी मला खाटेजवळ बसवून घेतलं आणि एकेक शब्द जोडत सांगितलं, “तुही खोली हाय ना. तठी माह्यी शेवंती होती.”

मला उगाचच चोरट्यासारखं झालं. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आपल्या माहेरचा कोणी आपल्या गावात राहायला आला की जसं वाटतं, तसं काहीतरी होतं.

काकूंची शेवंती पांढरी. दर साली सहा डिसेंबरला सकाळी पांढरी साडी नेसून त्या विहारात जात आणि बाबासाहेबांसमोर ठेवायला आपल्याच अंगणातली फुलं नेत. बाजारच्या फुलांवर त्यांचा राग नव्हता. पण पाणी घालणारा कोणी वेगळा आणि वाहणारे आपण, हे त्यांना पटत नसे. पुढे लकवा झाला, दवाखाना मागे लागला, आणि हातभार म्हणून काकांनी अंगणात भाड्याची खोली काढली. पाया खोदताना शेवंतीचा एक फुटवा त्यांनी डालड्याच्या डब्यात लावून ठेवला. डबा गच्चीवर ठेवला, तर वानरांनी शेंडा खुडला. यवतमाळात गच्चीवर काही ठेवायचं म्हणजे वानरांना जेवायला बोलावण्यासारखंच. मग डबा घरात आला. घरात वानरं नव्हती, पण ऊनही नव्हतं.

त्याच सुमाराला शहरातले रस्त्यावरचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवणं चाललं होतं. आणि त्याच सुमाराला काकांनी मोबाइलवर कुठल्यातरी थंड देशातला व्हिडिओ पाहिला. बाहेर बर्फ, आणि आत अशाच पिवळ्या दिव्यांखाली टमाट्यांच्या रांगा. “आपल्या धामणगाव रोडची लाइट!” ते खाटेजवळ जाऊन ओरडले म्हणे. “ते लोकं इच्याखाली टमाटे पिकवून राह्यले, अन् आपुन नुसत्या मोटारी पळवल्या!” दुसऱ्याच दिवशी ते भंगारवाल्याकडून एक दिवा, त्याचा चोक आणि पत्र्याचा टोप सायकलला बांधून घेऊन आले.

तो दिवा बटण दाबलं की पेटणाऱ्यातला नव्हता. आधी चोक घूं घूं करी. मग आत जरासं गुलाबी काहीतरी हलल्यासारखं वाटे. मग कितीतरी वेळाने तो तांबूस, केशरी होत होत पूर्ण पिवळा होई. तोवर काका कमरेवर हात ठेवून उभे राहत आणि म्हणत, “चढू द्या, लोकं चढून राह्यले.” मध्येच वीज जाऊन लगेच परत आली, तर बाकी गल्लीतले पंखे फिरू लागत, पण काकांचा दिवा गरम झालेला असे आणि थंड झाल्याशिवाय पुन्हा लागत नसे. तेव्हा अंधारातून त्यांचा आवाज येई, “गाडी पाच मिनटं थांबनार हाय. चहापानी करून घ्या.”

एका डब्यासाठी एवढा उजेड वाया कशाला घालवायचा, म्हणून हळूहळू खोली भरली. कुंड्यांना ते पॅसेंजर म्हणत. तुळस सीनियर सिटिझन. मनीप्लांट म्हणजे खिडकीतून हात बाहेर काढणारा. सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, ही शाळेची पोरं, कारण ती गर्दी करून चढतात आणि लवकर उतरतात. आपोआप उगवलेलं तण म्हणजे विनातिकीट. ते उपटताना काका त्याच्याशी थोडी हुज्जत घालत. “कुठून चढला? बोल ना. आता काहून बोलत नाई?” शेवंतीचा डबा अगदी चौकटीपाशी, काकूंना पडल्यापडल्या दिसेल असा. त्याच्या वर भिंतीवर काकांनी खडूने लिहिलं होतं, ‘महिलांसाठी राखीव’.

त्या उजेडाची एक गंमत होती. त्यात रंगच उरत नसत. मी एकदा दिवाळीची मोरपंखी साडी काकूंना दाखवायला नेली. काकूंनी पदर हाताने चाचपून पाहिला आणि वाईट तोंड करून म्हणाल्या, “चांगली हाय. पन सनाले काळी कायले घेतली वं?” मी साडीकडे पाहिलं, तर खरंच काळी. मी दुकानदाराला शिव्या देत बाहेर आले, तर अंगणात पुन्हा मोरपंखी.

एकदा तर बीटवरचा हवालदार आला. बंद खोलीत दिवसरात्र दिवा लावून काहीतरी पिकवतात, असं कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. त्याला गांजाचा संशय. काकांनी त्याला दारातच ‘पुढे सरका’ म्हटलं. बिचारा कुंडीकुंडीपाशी वाकून पानं चुरगाळून हुंगत राहिला. शेवटी काकूंना त्याची कीव आली. “सांबार... हाय... बापा,” त्या म्हणाल्या. तो निघाला तेव्हा काकांनी त्याच्या हातात एक जुडी ठेवली आणि म्हणाले, “सामान पाहून घ्या.”

तर अशी सगळी गाडी भरलेली आणि मजेत चाललेली होती. फक्त जिच्यासाठी गाडी काढली, ती काही फुलायला तयार नव्हती.

शेवंती वाढली मात्र जोरात. हिरवीगार, जाड देठाची, डब्यात मावेना अशी. पण कळीचं नाव नाही. पहिल्या सहा डिसेंबरला काकांनी बाजारातून फुलं आणली. काकूंनी बजावलं होतं, “विकतची हायत, असं सांगजा.” आणि काकांनी विहारात खरोखर प्रत्येकाला सांगितलं, “हे आमच्या घरचे नाईत बरं. विकतचे हायत.” ऐकणारे चकित. परत आल्यावर काकांनी काकूंना अहवाल दिला, तेव्हा त्यांचं समाधान झालं.

पुढच्या साली काकांनी ठरवलं, शेवंतीला उजेड कमी पडतो. भुकेल्या पोटी कोण फुलेल? आणखी एक दिवा आला. आता सकाळपासून आम्ही सगळे झोपी जाईपर्यंत, आणि त्यानंतरही, दोन्ही दिवे चालू. फक्त भर उन्हाळ्यात खोली तापू नये म्हणून ते पहाटेच्या थंडाव्यातच, तेही कुलर लावून चालत, तेवढंच. अंगणाकडच्या दारातून सांडलेला तो पिवळा पट्टा माझ्या खोलीच्या झरोक्यातूनसुद्धा आत येई आणि मी चिडून त्यावर पुठ्ठा लावला होता. काकू डोळ्यांवर पदर ओढून पडलेल्या दिसत. मला वाटे, त्यांची तशी सवयच असेल.

त्या सालीही फूल आलं नाही. काकू त्यावर फार बोलल्या नाहीत. एकदा मी त्यांची वेणी घालत होते, तेव्हा त्या डब्याकडे बघत म्हणाल्या, “माह्या घरचं एक फूल जाऊ दे विहारात. मंग मी गेली तरी काई नाई.” स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. काकांनीही ते ऐकलं असणार.

तिसऱ्या साली दसरा झाला आणि काकांना चक्कर आली. दवाखान्यात ते एकटेच जाऊन आले. मी कामावरून परतले, तर माझ्याच पायरीवर बसलेले. चेहरा पार उतरलेला.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“म्हने, काका, तुमचं प्रेशर हाय हाय. सोडियम कमी करा.”

माझ्या आईलाही डॉक्टरांनी तेच सांगितलेलं. मी सहज म्हटलं, “बरोबरच आहे काका. या वयात सोडियम कमीच पाहिजे.”

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या ताटातली भाकर उचलली. “तुमीबी असंच म्हंता?”

“मीच नाही, सगळेच डॉक्टर म्हणतात.”

“सगळेच?” ते थक्क झाले. त्या दुःखातही त्यांच्या चेहऱ्यावर किंचित अभिमान चमकून गेल्याचं मला आठवतं, आणि तो कशाचा ते तेव्हा कळलं नव्हतं. “मी इचारलं त्याहिले, संध्याकाळी तरी चालन का? तं म्हने, संध्याकाळी बिलकुल नोको. दिवसा थोडंसं चालते.”

“ऐका त्यांचं. सुरुवातीला जड जातं. मग होते सवय.”

“मले होईन सवय,” काका उठत म्हणाले. “तिचं काय?”

“काकूंच्याही तब्येतीला चांगलंच आहे ते.”

जाताना काकांनी मधल्या खोलीच्या भिंतीला हात लावला, प्रवास संपल्यावर ड्रायव्हर गाडीला लावतो तसा.

दुसऱ्या दिवशी परतले, तर घर काळोखात. मला वाटलं, काकूंचं काही बरंवाईट झालं. धावत आत गेले, तर काकू शांत पडलेल्या, कोपऱ्यात एक झिरोचा बल्ब, आणि काका पापड मोडत बसलेले.

“दिव्याला काय झालं?”

“शेवटची गाडी गेली, ताई,” काका म्हणाले आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, दिवा जळाला असेल. पण पापड पाहून राहवलं नाही.

“काका, डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“पापडाचं काई नाई सांगतलं त्याहीनं.”

म्हातारी माणसं पथ्याच्या बाबतीत लबाड असतात, असं मनात म्हणून मी खोलीत आले. मग रोजचंच झालं. सकाळी एक दिवा लागे, दिवस बुडाला की बंद. विजेचं बिल फार येत असेल, अशी मी समजूत करून घेतली. काका हळू चालू लागले, हळू बोलू लागले. ‘पुढे सरका’सुद्धा बंद झालं. जेवणात लोणचं, ठेचा, खारे शेंगदाणे मात्र तसेच. दुःखात जरा जास्तच.

एका रविवारी सकाळी घंटी वाजली. एकदा. लगेच पुन्हा एकदा. थांबून आणखी एकदा. अशी ती कधी वाजत नसे. काका धावले, अंगणातून मीही धावले. काकू डाव्या हाताने चौकटीकडे दाखवत होत्या.

“तठी. शेंड्याले.”

आम्ही वाकलो. शेंड्याला मुगाएवढ्या कळ्या होत्या. काकांनी बोट पुढे नेलं आणि न लावताच मागे घेतलं. मग म्हणाले, “पोटभर खाऊ घातलं तवा नाई. अन् उपाशी ठेवलं तं फुलून राह्यली.” आवाजात आनंद होता आणि थोडी नाराजीही.

त्याच आठवड्यात त्यांना पुन्हा चक्कर आली. या वेळी मी अर्धा दिवस रजा काढली आणि स्कूटीवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हाताला पट्टा बांधून प्रेशर पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“काका, प्रेशर जागचं हललं नाही. सोडियम कमी केलं ना?”

“केलं ना, डॉक्टर. एक तं बंदच करून टाकलं. दुसरं सकाळी लावतो, दिवस बुडाला का बंद.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “काय लावता?”

“सोडियम.”

“कुठे लावता?”

“मधल्या खोलीत.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण काकांच्या दिव्यासारखाच सावकाश, आधी घूं घूं करून. पायरीवरचं आमचं सगळं बोलणं एकेक वाक्य करून माझ्यासमोर उभं राहिलं आणि मी तोंडावर ओढणी धरली.

“काका, सोडियम म्हणजे मीठ हो,” मी म्हणाले. “मीठ कमी करायचं. पापड, लोणचं, ते खारे दाणे.”

काकांनी आधी मला पाहिलं, मग डॉक्टरांना. “मीठ?”

“मीठ,” डॉक्टर म्हणाले.

“मंग मिठाले मीठ म्हनाले काय झालं होतं?”

डॉक्टरांनी पेन उचललं आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत ‘मीठ कमी’ असं लिहिलं. काका पुटपुटले, “हाय प्रेशर म्हने, सोडियम म्हने. मले वाटलं, पुऱ्या यवतमाळात नाव झालं, डॉक्टरलेबी मालूम झालं असंल.”

परतताना स्कूटीवर मागे बसून ते गात होते. दिवस बुडायला आला होता. घरात शिरल्याबरोबर चप्पल एकीकडे, पिशवी एकीकडे, आणि काका मधल्या खोलीत. “कळ्या उपाशी हायत बिचाऱ्या. आता पाहा, दोन्ही गाड्या सोडतो!” बटणं दाबली. चोक घुमू लागला.

घंटी वाजली. एकदा.

काका खाटेशी आले. “अवं, डॉक्टर मिठाचं बोलून राह्यले होते. आपल्या लायटीचं काई नाई!”

“बंद करा,” काकू म्हणाल्या.

“अवं, पन कळ्या...”

“अंधारातच आल्या त्या.” काकूंनी दम घेतला. “तिले झोप पायजे.” मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “मलेबी.”

मधल्या खोलीत दिवे गुलाबीचे तांबूस होऊ लागले होते. त्या उजेडात काकांचा चेहरा मला दिसत होता आणि दिसला नसता तर बरं झालं असतं.

“तुले झोप नोती येत?”

काकूंनी पदर डोळ्यांवर ओढून दाखवला.

“इतके दिस? मंग सांगतलं काहून नाई? घंटी तं हातात होती तुह्या. एकडाव ओढली असती, तं मी थांबलो असतो ना वं.”

काकू हसल्या. त्यांचं हसू एकाच बाजूला यायचं. “तुमची गाडी... मस्त चालून राह्यली होती,” त्या म्हणाल्या. “कशी थांबवू?”

काकांनी आत जाऊन दोन्ही दिवे बंद केले. परत येऊन ते खाटेच्या काठावर बसले. मी हळूच बाहेर आले. इतकं प्रेम एका जागी बघायची मला सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. खोलीत जाऊन आधी झरोक्यावरचा पुठ्ठा काढून टाकला.

रात्री मोठ्या झाल्या की शेवंती फुलते, हे पुढे एका नर्सरीवाल्याने मला सांगितलं. रात्री दिवा जळत राहिला की तिला वाटतं, अजून उन्हाळाच आहे, आणि ती नुसती वाढत बसते. काकांना मी हे फोनवर सांगितलं, तर म्हणाले, “हाव, कंट्रोलरनं सांगतलं होतं ना ते.”

फोनवर, कारण आता मी वर्ध्याला असते. काका अजूनही फोन उचलला की पहिलं विचारतात, “कुठपर्यंत आल्या?” पथ्य ते आता कडक पाळतात. माझ्या घरी मात्र मिठाला कोणी मीठ म्हणत नाही. ‘जरा सोडियम दे’ असंच म्हणतात, आणि पाहुण्यांना हा सगळा प्रकार सांगावा लागतो. काकू पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. झोपेतच गेल्या. उशाची दोरी काकांनी काढलेली नाही.

पण ते फूल सांगायचं राहिलं.

सहा डिसेंबरची सकाळ. काकांनी पांढरा सदरा घातला होता. मी काकूंना पांढरी साडी नेसवून उशांना टेकवून बसवलं होतं. काकांनी मधल्या खोलीतला एक दिवा लावला, तो सावकाश चढला, आणि शेंड्यावरचं पहिलं फूल पुरतं उमललेलं दिसलं. काकू बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा पडला.

“पिवळं?” त्या म्हणाल्या. “माह्यी तं... पांढरी होती.”

मीही पाहिलं. पिवळंच होतं. काका चौकटीत उभे राहून एकदा फुलाकडे आणि एकदा काकूंकडे पाहत होते. “फुटवा तं तोच हाय,” ते म्हणाले. “म्या माह्या हातानं काढला.” मला एकदम माझी मोरपंखी साडी आठवली. मी तोंड उघडणार, तोच काकांनी डालड्याचा डबा दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरला. खाटेजवळून, पुढच्या खोलीतून ते रस्त्याच्या दाराशी गेले. पायाने दोन्ही कवाडं लोटली आणि डबा उंबऱ्यावर, कोवळ्या उन्हात ठेवला.

इतकं पांढरं काही मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

“पांढरी हाय!” काका ओरडले. गल्लीतून पांढरे कपडे घालून विहाराकडे निघालेली माणसं थबकली. “आमच्या घरची हाय! विकतची नाई!”

खाटेवर काकू मान वळवून दाराकडे पाहत होत्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

काकांनी खिशातून कात्री काढली. देठाशी नेली आणि तिथेच थांबले. लोक पुढे निघून गेले. मी म्हणाले, “काका, उशीर होतोय.” ते हलेनात. एवढ्या वाट पाहण्यानंतर आलेलं ते फूल त्यांच्याच्याने तोडवेना.

तेव्हा आतून घंटी वाजली. दोनदा.